फॅमिली कॅम्पिंगसाठी पिकअप तयार करायचाय? आधी वजनाचा हिशोब मांडा, मग सामान घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डबल कॅब फोर बाय फोर पिकअप आहे, तुम्ही दोघं आणि ९ आणि ४ वर्षांची दोन मुलं, आठ-दहा दिवस कच्च्या रस्त्यांनी फिरत दर एक-दोन दिवसांनी नवीन ठिकाणी मुक्काम करायचाय, तर टपावरचा टेंट, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं, पुढे बसवायचं मोटरचं यंत्र), सस्पेन्शन आणि दुसरी बॅटरी यातलं आधी काय घ्यायचं. मी बरीच वर्षं कुटुंबासोबत असा फिरतोय आणि इतरांच्या गाड्याही तयार करून देतो, त्यामुळे उत्तर लांबलचक होणार आहे. पण सुरुवातीलाच सांगतो, या चारपैकी आधी एकही नाही. आधी गाडी वजनकाट्यावर न्या.

पिकअप दिसायला दांडगा असतो, मागे एवढा मोठा हौदा बघून वाटतं भरा कितीही. पण कंपनीने गाडीच्या एकूण वजनाला मर्यादा घालून दिलेली असते, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये तो आकडा सापडतो, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरेल तेवढंच तुमचं. आणि त्यात माणसंसुद्धा आली, हे बहुतेकजण विसरतात. ब्रेक, बेअरिंग, टायर, चॅसी सगळं त्याच आकड्याच्या हिशोबाने बनवलेलं असतं. शिवाय पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला आपापली वेगळी मर्यादा असते, एकूण वजन हद्दीत असूनही मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड झालाय असं पिकअपमध्ये सर्रास दिसतं.

एक हिशोब मांडूनच दाखवतो म्हणजे लक्षात येईल. समजा तुमच्या वाट्याला ९०० किलो आलेत. चार माणसं आणि मुलांच्या सीट धरून १९५ गेले. हौद्यावरची हार्ड कॅनॉपी, म्हणजे कडक झाकण, ६०. टपावरचा टेंट आणि त्याखालचा रॅक मिळून ९५. स्टीलचा पुढचा बंपर आणि विंच आणखी ९५. ड्रॉवर सिस्टिम ८०, फ्रिज आतल्या सामानासकट ३५, दुसरी बॅटरी, चार्जर, वायरिंग २०. पाणी ६० लिटर, कॅनसकट ६५ किलो. एक्स्ट्रा डिझेल ४० लिटर, कॅनसकट ४२ च्या आसपास. दुसरी स्टेपनी ३५. रिकव्हरीचं म्हणजे अडकलेली गाडी काढायचं सामान, टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर, जॅक, पान्हे सगळं ५०. शेगडी, भांडी, टेबल-खुर्च्या ४०, कपडे आणि अंथरूण-पांघरूण ६०, खाण्याचा साठा ३०. बेरीज करा, ९०२ होते! यात चैनीची अशी एकही वस्तू नाहीये, मुलांची सायकल नाही, बोट नाही, काही नाही. आणि काही कंपन्या गाडीच्या वजनात टाकीतलं डिझेल आणि ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरतात तर काही धरत नाहीत, तुमच्या कंपनीने धरलेलं नसेल तर ८० लिटरच्या टाकीचे आणखी ६५-७० किलो वाढले. म्हणून म्हणतोय की टाकी फुल करून, चौघं आत बसून एकदा काट्यावर जा, आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. कागदावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा यात फरक निघतोच.

आता याच यादीतून बंपर-विंच, ड्रॉवर, दुसरी स्टेपनी आणि एक्स्ट्रा डिझेल काढलं तर २५२ किलो कमी होतात, आणि टपावरच्या टेंटऐवजी जमिनीवरचा २५ किलोचा टेंट घेतला तर आणखी ७०. म्हणजे तुम्ही ५८० वर आलात आणि गाडी अजून गाडीसारखी चालतेय, ब्रेक वेळेवर लागतोय, वळणावर झोल जात नाहीये. मी स्वतः मर्यादेच्या आत किमान १०० किलो मोकळे ठेवतो, कारण ओला टेंट, चिखल आणि वाटेत घेतलेलं सामान यांचं वजन आपण घरी बसून कधीच धरत नाही.

वजन किती हे जितकं महत्त्वाचं तितकंच ते कुठे ठेवलंय हे पण. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेली वस्तू सी-सॉच्या टोकावर बसलेल्या मुलासारखी काम करते. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.१ मीटर आहे आणि तुम्ही १०० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे टांगले तर मागच्या अ‍ॅक्सलवर १०० नाही, जवळपास १३९ किलो येतात आणि पुढची चाकं ३९ किलोने हलकी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हीचा भरवसा कमी होतो. डबल कॅबमध्ये हौदा आधीच बराचसा अ‍ॅक्सलच्या मागे असतो, त्यामुळे पाणी, बॅटरी, पान्ह्यांची पेटी असलं जड सामान हौद्यात पुढे, केबिनला चिकटून आणि तळाला. हलकं फुगीर सामान, म्हणजे गाद्या, कपडे, ते मागे आणि वर. चॅसी वाकलेले पिकअप मी पाहिलेत आणि त्यांच्यात साम्य एकच, मागे टोकाला खूप वजन आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये बसवलेल्या एअरबॅग, म्हणजे गाडी उचलून धरणारे हवेचे फुगे. एअरबॅगने गाडी मागून उचललेली दिसते, म्हणून मालकाला वाटतं प्रश्न सुटला, पण तेवढा सगळा भार चॅसीवर एकाच जागी येतो.

हे सस्पेन्शनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं की जड स्प्रिंग किंवा जादा पाटे टाकल्याने गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही, फक्त गाडी कमी बसते. ज्याची गाडी बाराही महिने भरलेली असते त्याने त्या कायमच्या वजनाला जुळतील असे पाटे घ्यावेत, पण तुमची गाडी वर्षातले बरेच दिवस रिकामी धावणार असेल तर कडक पाट्यांनी ती रिकामी असताना मागून उड्या मारेल, ओल्या रस्त्यावर घसरेल, आणि मुलं मागच्या सीटवर वैतागतील ते वेगळंच. तुमच्यासाठी चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरेत. कच्च्या खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास चालताना आतलं तेल तापून आधी मान टाकतात ते शॉकच. उंची वाढवायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

पहिला खर्च टायरवर करा, आणि त्याच्याही आधी सर्व्हिसवर. कूलंट, होस पाइप, बेल्ट, ब्रेक पॅड, व्हील बेअरिंग, बॅटरीचे टर्मिनल, हे सगळं नीट नसेल तर बाकीची खरेदी वाया. टायर ऑल टेरेन म्हणजे सगळ्या रस्त्यांचे घ्या, मड टेरेन म्हणजे खास चिखलाचे नको, तुमचा निम्म्याहून जास्त प्रवास डांबरीवरच होणार आहे आणि मड टेरेन ओल्या डांबरीवर पकड कमी देतात, आवाज करतात. एलटी म्हणजे लाइट ट्रकसाठीचे टायर घ्या, त्यांची साइडवॉल जाड असते आणि कच्च्या रस्त्यावर टायर फाटतो तो बहुतेकदा बाजूनेच. साइज कंपनीचीच ठेवा. मोठा टायर दिसतो भारी, पण ब्रेकवर, गिअरिंगवर, मायलेजवर सगळीकडे त्याचा भार पडतो आणि आडगावात तो साइज मिळणं मुश्किल. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी कोड बघा, २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय.

आणि मग हवा. माझ्या मते गाडीत टाकायची सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे एक चांगला कंप्रेसर आणि एक खात्रीचा प्रेशर गेज. डांबरीवर भरलेल्या गाडीला स्टिकरवर लिहिलेली फुल लोडची हवा ठेवायची. कच्चा रस्ता लागला की पाव हिस्सा कमी करा, म्हणजे ४० असेल तर ३० पीएसआय. मऊ वाळूत १८, आणि अडकलातच तर १५ पर्यंत. हवा कमी करताना खाली बसून टायरकडे बघा, १८ वर आला की जमिनीला टेकलेला भाग बाजूला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो, साइडवॉलला थोडी पोटली येते आणि टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकायला लागतो. गाडी वाळूवर तरंगते ती त्या लांबीमुळे. खडबडीत रस्त्यावर त्यामुळे हादरे कमी होतात, पंक्चर कमी होतात, मुलं झोपतात. मात्र हवा कमी म्हणजे वेग कमी, १८ ला ताशी ३०-४० च्या वर जायचं नाही आणि झटक्यात वळायचं नाही, टायर रिममधून निसटतो. आणि डांबरी लागली की आधी थांबून हवा भरायची, मग पुढे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. कंप्रेसर बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा घ्या, लायटर सॉकेटवरचे छोटे कंप्रेसर एवढे मोठे चार टायर भरताना दमतात नाहीतर फ्यूज उडवतात. सोबत पंक्चरच्या काड्यांचा किट, पण तो फक्त रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागासाठी, साइडवॉल फाटली तर स्टेपनीच. निघायच्या आधी घरीच एकदा स्टेपनी उतरवून, भरलेली गाडी कंपनीच्या जॅकने उचलून बघा, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी हवीच, मऊ जमिनीत जॅकच आत जातो.

विंचबद्दल माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. विंच चांगली वस्तू आहे, पण तिला बांधायला समोर काहीतरी पक्कं लागतं, मोकळ्या वाळूत ते नसतं. गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट ताकदीची घ्यावी लागते, आणि तो लिहिलेला आकडासुद्धा ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरलेला असतानाचाच, वर थर जितके जास्त तितकी ताकद कमी. लहान मुलांना घेऊन एकटीच गाडी दाट जंगलात किंवा खोल चिखलात नेणार असाल तर घ्या. नाहीतर हवा कमी करणं, लांब दांड्याचं फावडं आणि चाकाखाली सरकवायचे दोन दातेरी ट्रॅक्शन बोर्ड यावर बहुतेक वेळा गाडी निघते. चाक फिरायला लागलं की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी पोटावर बसवू नका, चाकांपुढची आणि डिफखालची, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर भागाखालची, माती काढा, बोर्ड चाकाला पार आतपर्यंत भिडवा, आणि हळू. घाई करून चाक गरगर फिरवलं तर बोर्डाचे दात वितळतात आणि बोर्ड मागे उडतो.

दुसरी गाडी ओढायला असेल तर कायनेटिक रोप, तो रबरासारखा ताणून झटका सौम्य करतो. साधा टोचनचा पट्टा त्या कामाला वापरायचा नाही. आणि इथे मला अगदी कळकळीने सांगायचंय, दोर कधीही टो बॉलला अडकवायचा नाही. टो बॉल ट्रेलर ओढायला असतो, अडकलेल्या गाडीच्या झटक्यासाठी तो बनवलेला नसतो, तो तुटला की काच फोडून आत येतो आणि यात माणसं मेलेली आहेत. कंपनीने गाडी जहाजावर बांधायला दिलेली पातळ कडी पण चालणार नाही. चॅसीला बोल्ट केलेला, वजनाचं रेटिंग लिहिलेला रिकव्हरी पॉइंट पुढे आणि मागे बसवून घ्या, विंचच्या आधी हा खर्च करा. दोर जोडायला लोखंडी शॅकल म्हणजे कडीऐवजी शक्य तिथे दोराचाच बनवलेला सॉफ्ट शॅकल वापरा, हलका असतो आणि काही तुटलंच तर लोखंडाचा गोळा होऊन उडत नाही. ओढाओढी चालू असताना मुलं आणि बाकी सगळे दोराच्या लांबीच्या किमान दीडपट लांब, आणि दोराच्या रेषेत नाही, बाजूला.

आता टपावरचा टेंट. याचं आकर्षण मला समजतं, गादी आतच असते, हार्ड शेलचा तर दोन मिनिटांत उघडतो, जमीन दगडाळ असो की ओली, काही फरक पडत नाही. जोडप्यासाठी मस्त. पण तुमचं धाकटं ४ वर्षांचं आहे. रात्री तीनला त्याला बाथरूमला जायचं, अंधारात, दवाने ओली झालेली शिडी, दोन मीटर खाली, एका हाताने मूल धरून. वर चौघं मावतील एवढा टेंट म्हणजे वजनही तेवढं आणि तेही गाडीच्या सगळ्यात उंच जागी, तिरक्या रस्त्यावर गाडी किती झुकते ते तुम्हाला स्टिअरिंगवर जाणवेल. शिवाय टपाची मर्यादा असते, चालत्या गाडीची वेगळी आणि उभ्या गाडीची वेगळी. चालत्या गाडीची साधारण ७५ ते १०० किलोच्या आसपास असते आणि रॅकचं वजन त्यातच धरायचं. गाडी उभी असताना मर्यादा खूप जास्त असते म्हणून वर माणसं झोपू शकतात. आणि एका जागी दोन दिवस राहिलात की कुठे जायचं म्हटलं तर आख्खं घर मिटवा.

म्हणून धाकटं सहा-सात वर्षांचं होईपर्यंत तरी मी जमिनीवरचा टेंटच सुचवेन. चौघांसाठी सहा जणांचा घ्या, कारण चार जणांचा म्हणजे चार गाद्या शेजारी शेजारी आणि बॅगा बाहेर. आत मोठ्या माणसाला उभं राहता आलं पाहिजे, पावसाच्या दिवशी मुलांचे कपडे वाकून बदलून बघा एकदा म्हणजे कळेल. बाहेरच्या कापडाचं वॉटर रेटिंग किमान १५०० मिलिमीटर आणि तळाचं ३००० च्या वर, तळाला गुडघ्यांचा दाब पडतो म्हणून. वाऱ्यासाठी सोबत मिळणारे पातळ खिळे टाकून द्या, जाड आणि लांब खुंट्या वेगळ्या घ्या. कापडी टेंट असेल तर घरी आल्यावर पूर्ण वाळवूनच घडी, दोन दिवस ओला राहिला की काळी बुरशी धरली.

झोपेत कंजुसी करू नका. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते, साध्या फुगवायच्या गादीतली हवा जमिनीइतकीच गार होते, म्हणून कितीही पांघरूण घेतलं तरी पाठ गारठते. गादीवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती थंडी किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, उन्हाळ्यात २ पुरेल, थंडीच्या सुरुवातीला ४ तरी, बर्फाच्या आसपास ५ च्या वर. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असतात, कम्फर्ट आणि लिमिट, ही आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे मोजतात, घेताना कम्फर्टचंच बघायचं. मुलांना मोठ्यांची लांबलचक बॅग दिली तर आतली रिकामी जागा त्यांना स्वतःच्या अंगाने गरम करावी लागते, मुलांच्याच मापाची घ्या. मुलं नीट झोपली तर सकाळी आई-बाबा माणसात असतात, आणि पुढचा प्रवास होणार की नाही हे तिथे ठरतं.

सामान कसं भरायचं हे ठरवताना एकच संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पोहोचायला उशीर झालाय, पाऊस भुरभुरतोय, धाकटं भुकेने रडतंय, अंधार पडायला अर्धा तास आहे. दार उघडल्यावर पहिल्यांदा हाताशी काय यायला हवं? ताडपत्री किंवा ऑनिंग म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत, मग एक दिवा, एक खुर्ची, खाऊचा डबा, मग टेंट, मग अंथरूण, आणि शेगडी. म्हणजे भरताना याच्या बरोबर उलट्या क्रमाने भरायचं. फावडं, बोर्ड, कंप्रेसर, फर्स्ट एड मात्र काहीही न उचकटता निघाले पाहिजेत. यासाठी ८० किलोचे ड्रॉवर लागत नाहीत, एकाच मापाचे, झाकणाला क्लिप असलेले प्लास्टिकचे पाच-सहा क्रेट पुरतात, प्रत्येकावर दोन बाजूंनी मोठ्या अक्षरात नाव. ऑनिंग वाऱ्यात टिकत नाही, झोपायच्या आधी ती गुंडाळा, वारा नसला तरी.

बांधणं मात्र पक्कं हवं. रबरी हूकवाल्या दोऱ्या फक्त चादर उडू नये यासाठी, फ्रिज आणि क्रेटला रेटिंग असलेले रॅचेट पट्टे आणि चॅसीत किंवा हौद्यात बोल्ट केलेल्या कड्या. केबिनमध्ये मुलांच्या डोक्यामागे सुटी वस्तू एकही नको. धडकेत २० किलोचा फ्रिज काही शे किलोच्या जोराने पुढे येतो.

बॅटरीचं गणित लोक उगाच अवघड करतात. ४०-५० लिटरचा कंप्रेसर फ्रिज बऱ्यापैकी हवेत दिवसाला २५ अँपिअर-अवर खातो, कडक उन्हात ४० पर्यंत. दिवे आणि फोन मिळून आणखी ५-१०. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२-१३ किलोची असते आणि त्यातलं ८०-९० टक्के वापरता येतं. एजीएम, म्हणजे बंदिस्त लेड-अ‍ॅसिड बॅटरी, २५-३० किलोची आणि टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची. म्हणजे लिथियमवर दोन दिवस गाडी न हलवता आरामात. रोज दोन तास गाडी चालणार असेल तर चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून दुसरी बॅटरी भरणारा २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर जवळपास ५० अँपिअर-अवर परत भरतो, मग सोलर हवंच असं नाही. नवीन गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम कमी करतो, म्हणून साध्या रिलेने दुसरी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, डीसी-डीसी घ्या. एकाच जागी तीन-चार दिवस राहणार असाल तर सोलर, १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-अवर देतं. लिथियम शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते हे थंड भागात लक्षात ठेवा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून जितका जवळ बसेल तितका जवळ. फ्यूज वायर वाचवायला असतो, फ्यूज आणि बॅटरीच्या मधली वायर घासून चॅसीला लागली तर थेट आग. फ्रिजसाठी मागच्या सॉकेटपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज बंद पडतो. पहिल्या एक-दोन वेळा तर चांगला आइसबॉक्सच न्या, फ्रिज खरंच लागतो का ते कळेल.

पाणी पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरा, म्हणजे चौघांना रोज २०, उन्हाळ्यात जास्त. ६० लिटर न्यायचं तर एकाच टाकीत नको, २० चे तीन कॅन, एक फुटला तरी दोन उरतात. वाटेतलं पाणी भरणार असाल तर नेहमीचा पोकळ तंतूंचा फिल्टर बॅक्टेरिया अडवतो, व्हायरस अडवत नाही, त्यामुळे खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा.

शेगडी दोन बर्नरची पुरते, बाकी भांडी घरातलीच. फक्त थंडीत ब्युटेनचे डबे नेऊ नका, शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही, प्रोपेन किंवा मिक्स घ्या. आणि टेंटमध्ये, कॅनॉपीत, बंद गाडीत काहीही पेटवायचं नाही, ना शेगडी, ना ऊब यायला ठेवलेले निखारे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघतो. गाडीत डिझेल हीटर बसवलात तर झोपायच्या जागी बॅटरीवरचा सीओ अलार्म लावाच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाला साचतो, म्हणून सिलिंडर बाहेरच्या बाजूला नाहीतर खाली भोक असलेल्या कप्प्यात.

मुलांसाठी दोन-तीन नियम पहिल्या दिवसापासून. कॅम्पमध्ये गाडी इंचभरही हलवायची असेल तर आधी दोन्ही मुलं सीटवर पट्टा लावून, किंवा एका मोठ्या माणसाच्या हाताला धरून ड्रायव्हरला दिसतील अशी. रिव्हर्स कॅमेऱ्यावर विसंबू नका. प्रत्येकाला स्वतःचा हेडलॅम्प आणि गळ्यात शिट्टी, वाट चुकली तर आहे तिथेच थांबायचं, झाडाजवळ, आणि तीन-तीन शिट्ट्या मारायच्या. ९ वर्षांच्याला खरं काम द्या, हवा मोजायचं, खुंट्या ठोकायचं, मुलं यात फार रमतात.

फोनची रेंज जाणार हे धरून ऑफलाइन नकाशे आणि एक कागदी नकाशा, आणि सॅटेलाइट मेसेंजर किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, माझ्या यादीत हा विंचच्या बराच वर आहे. घरी कोणालातरी रस्ता आणि परतायची वेळ लिहून द्या. फर्स्ट एडमध्ये मुलांच्या औषधांचे डोस त्यांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, कॅम्पमध्ये कोणी भाजलं तर त्यावर २० मिनिटं गार वाहतं पाणी, बर्फ नाही, पेस्ट नाही. शक्य असेल तर दोघांनीही फर्स्ट एडचा कोर्स करा. एक किलोचा ड्राय पावडर अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला येईल असा, हौद्यात सामानाखाली नाही.

तर क्रम असा. सर्व्हिस, टायर, कंप्रेसर आणि गेज, रिकव्हरी पॉइंट, फावडं आणि बोर्ड, फर्स्ट एड आणि मेसेंजर, पाण्याचे कॅन, गाद्या आणि स्लीपिंग बॅग, टेंट. इतकं घेऊन घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर दोन रात्री काढा, त्यातला एक मुक्काम मुद्दाम उशिरा पोहोचून. टेबल-खुर्च्या, शेगडी ओळखीच्यांकडून उसन्या घेतल्या तरी चालतील. शॉक, बॅटरी आणि फ्रिज त्यानंतर, विंच आणि टपावरचा टेंट त्याच्याही नंतर, आणि प्रत्येक वस्तू घेताना वजनाच्या कागदावर तिची नोंद.

परत आल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, गाडीखाली झोपून शॉकभोवती तेल दिसतंय का, ब्रेकचे पाइप कुठे घासलेत का ते बघा, एअर फिल्टर झटका. आणि क्रेट रिकामे करताना ज्या वस्तूला हातच लागला नाही ती पुढच्या वेळी घरी ठेवा, यातून सूट फक्त फर्स्ट एड, अग्निशामक, मेसेंजर, स्टेपनी आणि रिकव्हरीच्या सामानाला. गाडीचं मॉडेल आणि काट्यावरचे पुढचे-मागचे आकडे कळवलेत तर तुमच्या यादीतलं काय बसतं काय नाही ते नीट मांडून सांगतो.